जमिनीवर उतरल्यावरचा पहिला तास

दिवाळी सरली, समुद्र निवला, की नाहूरच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. पूर्वी तो चारधामविषयी असे. अलीकडे क्रूझविषयी असतो. "डॉक्टर, मुलाने मुंबई-गोवा जहाजाची तिकिटे काढली आहेत. बोट लागू नये म्हणून गोळी लिहून द्या." चिठ्ठी मागणाऱ्यांना काळजी असते ती जहाजावरच्या रात्रीची. मला मात्र त्यांच्या दुसऱ्या दिवसाची काळजी वाटते. थोडे अधिक विचारले की पुढचा बेत कळतो: जहाज मुरगाव बंदराला लागले की काही तास मोकळे मिळतात, तेवढ्यात एक गाडी भाड्याने घ्यायची, देवदर्शन करायचे, जमल्यास समुद्रकाठाने एक फेरी मारायची आणि जहाज सुटण्यापूर्वी परतायचे. आणि मग आजोबा किंचित ताठ बसत म्हणतात, "चालक कशाला हवा? चाळीस वर्षे गाडी चालवतो आहे मी."

ह्या बेताला माझा विरोध नाही. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला कोकण किनारा दाखवण्याचा जहाज हा फार सुखाचा मार्ग आहे, आणि गाडीच्या खिडकीतून दिसणारा गोवा पायी दिसणाऱ्या गोव्यापेक्षा उणा नसतो. प्रश्न आहे तो त्या मोकळ्या तासांतल्या पहिल्या तासाचा, आणि त्या तासात चाकामागे कोण बसले आहे ह्याचा.

आमच्या वयाच्या आणि त्याहून वडील वाचकांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट आठवत असेल. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे ऐकली की अनेकांच्या नाकाशी अजूनही तो तेलाचा आणि उलटीचा मिश्र वास येतो. त्या प्रवासांनीच 'बोट लागणे' हा वाक्प्रचार घरोघरी नेला. गंमत अशी, की घाटात मळमळले तर आपण 'गाडी लागली' म्हणतो. मराठीने दोन्हींना एकच क्रियापद दिले, आणि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे, कारण दोन्ही दुखणी एकच आहेत. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी तीन अर्धवर्तुळाकार नलिकांची रचना असते. खोलीच्या भिंती स्थिर आहेत असे डोळे सांगतात, आपण हलतो आहोत असे कान सांगतो, आणि ह्या परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळतो. मळमळ, घाम, जांभया, उलटी हे त्या गोंधळाचे परिणाम.

मात्र मेंदू हुशार असतो. काही तासांतच तो हलणे गृहीत धरून चालायला शिकतो. आजची मोठी जहाजे पूर्वीच्या बोटींइतकी हेलकावत नाहीत, त्यामुळे पुष्कळांना जहाजावर काहीच जाणवत नाही. पण मेंदूचे हे शिकणे आतल्या आत चालूच असते. अडचण उद्भवते ती उतरल्यावर. पाय धक्क्याच्या स्थिर फरशीवर पडतात आणि मेंदू अजून हेलकाव्यांची वाट पाहत असतो. जमीन हलल्यासारखी वाटते, चालताना पाऊल किंचित बाजूला पडते, न्हाणीघरात तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. हे बहुतेकांत काही तासांत, फार तर दोन दिवसांत निवळते आणि त्याला औषध लागत नाही. पण सत्तरीच्या माणसाचा तोल आधीच तीन पायांच्या तिवईसारखा असतो: डोळे, कान आणि तळपायांची संवेदना. मोतीबिंदूने एक पाय आखूड केलेला असतो, मधुमेहाने दुसरा. त्यात तिसराही डगमगला, तर जहाजाच्या उतरत्या शिडीवर, बंदराच्या उंचसखल जागेत पडणे अगदी सोपे होते. ह्या वयात मांडीच्या खुब्याचे हाड मोडण्याचा अर्थ काय, ते शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको.

म्हणून माझे पहिले सांगणे असे: उतरताना घाई करू नका. पहिल्या लोंढ्याला जाऊ द्या. घरी काठी वापरत नसलात तरी त्या दिवशी घ्या. ती म्हातारपणाची खूण म्हणून मिरवायची नसून तिसऱ्या पायाची उसनवारी आहे. उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटे बसा, दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहा, पाणी प्या, मग गाडीकडे चला.

आता त्या गोळीबद्दल. प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट ही बोट लागू नये म्हणून घेतली जाणारी नेहमीची औषधे. ती उपयोगी आहेत, पण त्यांचा दुसरा गुण म्हणजे झोप. प्रोमेथाझिन रात्री घेतले तरी त्याचा बराचसा अंश सकाळी रक्तात शिल्लक असतो, आणि वय वाढते तसे शरीर औषध अधिक सावकाश बाहेर टाकते. घेणाऱ्याला वाटते आपण पूर्ण जागे आहोत; प्रत्यक्षात ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ वाढलेला असतो. त्याखेरीज प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत ह्या गोळ्यांनी लघवी अडते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यांतला दाब वाढतो, आणि विसरभोळेपणा सुरू झालेल्या व्यक्तीला एका गोळीनेही दिवसभर भ्रम होऊ शकतो. सिनारिझिन नावाची गोळी चक्करेसाठी महिनोन्‌महिने घेणारे मला भेटतात. ती दीर्घकाळ घेतल्यास हातांना कंप सुटू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

ह्यात एक आनंदाची बाजूही आहे. पन्नाशीनंतर बोट लागण्याची प्रवृत्ती बहुतेकांत कमी होत जाते. ज्या आजींना १९६८ साली रत्नागिरीपर्यंत सात उलट्या झाल्या होत्या, त्यांना आज त्याच समुद्रावर काही होणार नाही अशी बरीच शक्यता असते. तेव्हा भीतीपोटी आगाऊ गोळी घेण्यापेक्षा जहाजाच्या मध्यभागातली खालच्या मजल्यावरची खोली मागणे, हलके जेवणे, मळमळू लागल्यास उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहणे आणि आल्याचा तुकडा चघळणे एवढे पुष्कळदा पुरते. गोळी लागलीच, तर ती तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ज्याने ती घेतली त्याने दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नाही. ह्या नियमाला अपवाद नाही.

वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी चाळिशीपुढच्यांना वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर परवाना पाचच वर्षांसाठी मिळतो. त्या 'नमुना १-अ'वर आम्ही सही करतो. दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून गाडीचा क्रमांक वाचता येतो का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू किती येते, हे त्यात विचारलेले असते. काल रात्री कोणती गोळी घेतली, हे कोणताही नमुना विचारत नाही. ते घरच्यांनी विचारायचे असते.

माझ्या एका रुग्णाच्या पत्नीने सांगितलेली हकीगत इथे देतो. गृहस्थ ७१ वर्षांचे, निवृत्त, अत्यंत शिस्तीचे. गाडी दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना मानवत नाही. जहाजावर रात्री एक गोळी घेतली, सकाळी 'असावी' म्हणून आणखी एक. मुरगावला उतरून भाड्याची गाडी स्वतः चालवायला घेतली. वाटेत एका चौकात सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, तरी गाडी हलेना. पत्नीने पाहिले तर यजमानांची मान छातीवर आलेली. तिने दंडाला हात लावताच ते दचकून जागे झाले आणि म्हणाले, "सिग्नल पाहत होतो." चौकाऐवजी चालत्या रस्त्यावर तो क्षण आला असता तर, हे ती माउली मला सांगताना थांबली. गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर बसून अजूनही म्हणत होते, की मी झोपलो नव्हतो.

'मग मुलगा चालवील', असे उत्तर ह्यावर मिळते. चालवू दे, पण त्याची रात्र कशी गेली तेही पाहा. जहाजावर मध्यरात्रीपर्यंत संगीत असते, खाणे असते, इतरही पेये असतात. तीन तास झोपलेला पंचेचाळिशीचा तरुण हा गोळी घेतलेल्या सत्तरीच्या वृद्धापेक्षा सुरक्षित चालक असतोच असे नाही. माझे स्पष्ट मत आहे, की जहाजाच्या थांब्यावर गाडी घ्यायची ती चालकासह घ्यावी. त्याला रस्ते ठाऊक असतात, स्वच्छतागृहे ठाऊक असतात, आणि बंदराच्या फाटकाशी किती वेळ खोळंबा होतो हेही ठाऊक असते. भाडे आणि परतीची वेळ आधी ठरवून घ्या. गाडीची पाटी पाहा: चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी, स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि परक्या गावात जखमी आईला घेऊन तो वाद घालण्याची वेळ कोणावर येऊ नये.

कुठे जावे? मुरगावहून रस्ते अनेक फुटतात. बंदराच्या डोक्यावरचे सडा पठार आणि तिथून दिसणारा समुद्र, मग बोगमाळोचा किनारा, एवढे पाहून दोन-अडीच तासांत परतता येते, आणि ज्यांना हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास आहे त्यांनी एवढ्यावरच समाधान मानावे. झुआरीवरचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात आणि त्याची दुसरी बाजू वर्षभराने खुली झाल्यापासून पणजीची वाटही सोपी झाली आहे. पण आपल्याकडच्या अनेक कुटुंबांचे मन असते ते फोंड्याकडे, कारण कुलदैवत तिथे आहे.

तो रस्ता सुंदरच आहे. कुठ्ठाळीवरून लोटली, मग बोरीचा पूल, मग फोंडा. वाटेवर ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट अशी, की कुठ्ठाळी म्हणजेच जुनी कुशस्थळी, श्रीमंगेशाचे मूळ स्थान. १५६० मध्ये पोर्तुगिजांच्या धर्मांतराच्या काळात भक्तांनी ते लिंग झुआरी, म्हणजे जुन्या नावाने अघनाशिनी, ओलांडून प्रियोळला नेले. केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला आली. मुरगावहून मंगेशीला जाणारा प्रवासी देव ज्या दिशेने गेले त्याच दिशेने जात असतो. आजी-आजोबांना हे सांगा. गाडीतला तो एक तास मोबाइल न पाहता जाईल, आणि वळणाच्या रस्त्यावर मोबाइल न पाहणे हाच गाडी न लागण्याचा उत्तम उपाय आहे.

मात्र अंतर जाऊन ३५-४० किलोमीटर, तेवढेच परत. दर्शन, प्रसाद, थोडी विश्रांती धरली तर तेवढ्यातच दिवस संपतो. तेव्हा मंगेशी, शांतादुर्गा, जुने गोवे, पणजी आणि वर मिरामार अशी यादी हातात घेऊन निघू नका. एक देवस्थान निवडा. दुसरे वाटेवर आणि वेळेत असेल तर पाहा.

मधुमेही वाचकांना इथे एक वेगळी सूचना. देवळाच्या प्रांगणातली दगडी फरशी दुपारी बारा वाजता तव्यासारखी तापते. निरोगी माणूस उड्या मारत सावली गाठतो. ज्याच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने बोथट झाली आहे तो सावकाश, शांतपणे प्रदक्षिणा घालतो आणि संध्याकाळी मोज्यावर ओला डाग दिसतो. असे भाजलेले तळवे मी पाहिले आहेत. त्या जखमा भरायला आठवडे लागतात. दर्शनाला सकाळी जा, जाड सुती मोजे घाला, आणि परतल्यावर कोणाकडून तरी तळवे नीट पाहून घ्या.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते, आणि बोलायला थोडे संकोचाचे. प्रवासाला निघालेले वृद्ध पाणी पीत नाहीत. वाटेत कुठे थांबायला लावायचे, सुनेला किती वेळा सांगायचे, जावयासमोर कसे म्हणायचे, म्हणून सकाळपासून घोटभर चहावर राहतात. काही जण तर रक्तदाबाची लघवी होणारी गोळी त्या दिवशी मनानेच गाळतात, काही जण गोळी घेतात आणि पाणी मात्र गाळतात. हे दुसरे अधिक घातक. गोव्याच्या दमट उन्हात दोन तासांत घामावाटे किती पाणी गेले हे कळतही नाही. मग देवळाच्या पायरीवर उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो, आणि नातेवाईक म्हणतात, "ऊन लागले." ऊन थोडेच लागलेले असते, मुख्यतः संकोच लागलेला असतो.

ह्यावर उपाय घरच्यांच्या हाती आहे. "थांबायचे का?" असे विचारू नका, उत्तर "नको" असेच येईल. दर तासा-सव्वा तासाने गाडी थांबेल, हे निघतानाच चालकाला सगळ्यांदेखत सांगून ठेवा आणि स्वतः आधी उतरा. लघवीच्या गोळीची वेळ त्या दिवसापुरती मागेपुढे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा. पुष्कळांना ती परतल्यावर दुपारी घेता येते. ज्यांना हृदयविकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तेवढे तरी पूर्ण प्यावे.

साखरेच्या गोळ्यांचेही असेच एक गणित चुकते. जहाजावरची न्याहारी भरपेट असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन माणूस उतरतो, दोन वाजेपर्यंत "पोट भरलेलेच आहे" म्हणतो, आणि परतीच्या वाटेवर हातपाय थरथरून घाम फुटतो. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, मग काहीतरी खायला द्या. बिस्किटे, चॉकलेट ह्यांनी साखर सावकाश चढते. पहिला उपाय म्हणून ती नकोत. शुद्ध हरपलेली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. आणि इन्सुलिन किंवा जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि औषधाचा गुण जातो.

गाडीत बसण्याविषयी दोनच गोष्टी. गुडघे किंवा खुबा दुखत असेल तर आधी पाठमोरे होऊन आसनावर टेका आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. उतरताना ह्याच्या उलट. पट्टा मागच्या आसनावरही लावायचाच. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या आसनावर पट्ट्याविना होते, हे पुष्कळांना आठवत असेल. पेसमेकर बसवलेले रुग्ण पट्ट्याला घाबरतात. तो बहुधा डाव्या खांद्याखाली असतो. तेव्हा चालकाच्या मागे, उजवीकडे बसा, पट्टा उजव्या खांद्यावरून येईल.

जहाजावरून उतरल्यावर चक्कर येते असे मी वर लिहिले, म्हणून एक इशारा देणे भाग आहे. प्रत्येक चक्कर जहाजाची नसते. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर उचलत नाही, बोलणे अडखळते, यांपैकी काहीही दिसले तर तो मेंदूचा झटका समजा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. 'जहाजावर जाऊन पडतील जरा' म्हणून तो वेळ घालवू नका. झुआरी पुलावरून पणजीकडे जाताना बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय महामार्गालगतच आहे, हे चालकाला ठाऊक असते. तुम्हालाही असू द्या. छातीत दडपण आल्यासही हेच.

परदेशी असलेली मुले आईवडिलांना अलास्का किंवा भूमध्य समुद्राच्या सफरीवर नेतात, तिथेही हे सारे असेच लागू आहे. भर एवढीच, की तिथे रस्त्याची बाजू उलटी असते आणि काही देशांत काही कंपन्या सत्तरी-पंच्याहत्तरीनंतर गाडी देतच नाहीत. मला ते वावगे वाटत नाही.

शेवटी वेळ आणि पिशवी. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते; आपण घेतलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. बंदरावर परतण्याच्या दिलेल्या वेळेच्या दीड तास आधी फाटकाशी पोहोचायचे असे धरा. तरीही रस्ता कुठेतरी अडतो, एखादी गाडी बंद पडते, आणि जहाज गेलेले असते. तसे झाले तर मडगावहून आगगाडीने मुंबई गाठता येते. ठाण्याला उतरले की नाहूर दोन स्थानके. पण दोन दिवसांची सगळी औषधे, चिठ्ठी, साखर तपासण्याचे यंत्र आणि मूळ ओळखपत्र हे जहाजावरच्या खोलीतल्या कपाटात राहिले असेल, तर ती रात्र मडगावच्या फलाटावर फार लांब होते. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी ती लहान पिशवी कोणाच्या खांद्यावर आहे, हे विचारा, आणि ती गाडीत न ठेवता उतरताना बरोबर घ्या.